मदत हवी: क्लच बदलल्यापासून ओम्नी हादरालीय

खानापूरवाला: क्लच प्लेट, प्रेशर प्लेट, रिलीज बेअरिंग सगळं नवीन टाकलंय. तेव्हापासून गाडी हादरालीय, आधी काहीच नव्हतं. मेकॅनिक म्हणतोय टायर बॅलन्सिंग करा. रविवारी चोर्ला घाटातून गोव्याला जायचंय, लवकर सांगा.

उद्यमबाग: कधी हादरते ते सांगा की. उभ्या गाडीत रेस दिल्यावर? पळताना न्यूट्रल केल्यावर थांबतं का? गिअर बदलला तरी हादरा त्याच वेगाला येतो का?

निपाणी: माउंटिंगच, म्हणजे इंजिन-गिअरबॉक्स ज्या रबरांवर बसतात ती. गिअरबॉक्स उतरवताना रबर फाटतं. सगळी बदलून टाका.

उद्यमबाग: माउंटिंग फाटलं तर उभ्या गाडीत, आयडलिंगला आधी कळतं. न बघता पार्ट घ्यायला लावू नका.

शहापूर: पावसात चोर्ल्याला धुकं दाट असतं. पिवळे फॉग लॅम्प बसवून घ्या.

खानापूरवाला: लॅम्प आहेत हो! उभ्या गाडीत कितीही रेस द्या, काही नाही. ६०ला सीटखाली सुरू होतं, थर्ड असो की फोर्थ. न्यूट्रल केली तरी तसंच.

उद्यमबाग: मग क्लच, फ्लायव्हीलचा दोष नाही. न्यूट्रलला चाकांबरोबर फिरत राहतो तो प्रॉपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडं जाणारी लांब नळी), आणि गिअरबॉक्स उतरवायला तो काढावाच लागतो. मागच्या चाकांमधल्या डिफरन्शियलच्या फ्लँजवर (शाफ्ट बोल्टनं जोडतो ती चकती) खूण केली होती का? चार बोल्टांमुळे तो चार प्रकारे बसतो, बॅलन्स मात्र जुन्याच जागी चांगला असतो.
पुढच्या चाकांना दगड लावा, मागचं एक चाक उचलून स्टँड द्या, गाडी न्यूट्रलला. आत्ताची खूण करा, बोल्ट काढा, चाक हातानं फिरवून फ्लँज अर्धा फेरा सरकवा. फ्लँजची तोंडं पॉलिश पेपरनं घासा. मातीचा खडा अडकला तरी शाफ्ट तिरका बसतो. पुढचं टोक गिअरबॉक्समधून ओढू नका, ऑईल सांडेल. तेव्हाच क्रॉस (शाफ्टच्या टोकाचा वळणारा सांधा) हलवून बघा, चारी बाजूंना सारखा फिरायला पाहिजे. नळीवर बॅलन्ससाठी वेल्ड केलेला पत्र्याचा तुकडा असतो, तो उडाला असेल तर तिथं उघडा डाग दिसतो.

निपाणी: तरी चाकं पुढं-मागं बदलून बघायला काय जातंय? हादरा सीटवरून स्टिअरिंगमध्ये आला तर टायरच.

उद्यमबाग: ते बरोबर, पण शाफ्टनंतर.

खानापूरवाला: खूण नव्हतीच. अर्धा फेरा फिरवला, ६०ला आता शांत. ७५ला बारीक थरथर राहिलीय. क्रॉस ठीक.

उद्यमबाग: आता पाव फेरा इकडं, मग तिकडं. तरी राहिली तर शाफ्ट काढून लेथवर फिरवून डायल गेज (वाक मोजायचं घड्याळ) लावून घ्या, नळी वाकलीय का कळेल. परत बसवल्यावर गिअर ऑईलची लेव्हल बघितल्याशिवाय घाटात नेऊ नका.