श्रीवर्धन: वाड्या राखायच्या की खोल्या बांधायच्या?

आगरवासी, मुक्काम कर्वेनगर:
काल येथे एका सदस्याने ताम्हिणीमार्गे श्रीवर्धनला जाऊन आल्यावर लिहिले की, सुपारीच्या जुनाट वाड्यांचा आता काही उपयोग नाही, त्या मोडून खोल्या बांधाव्यात, कारण गाव पुणेकरांच्या पैशावरच चालते. हे वाचून गप्प बसवले नाही. ज्या सावलीचे छायाचित्र त्यांनी लेखासोबत लावले आहे, ती आपोआप उगवलेली नाही. नारळाखाली सुपारी, सुपारीवर मिरीचे वेल आणि मधल्या जागेत केळी व जायफळ अशी ही लागवड पिढ्यान्पिढ्या पाणी शिंपून उभी राहिली आहे. ३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने ती काही तासांत आडवी केली. सुपारीचे रोप फळाला यायला पाच ते सात वर्षे जातात. म्हणजे वादळानंतर लावलेली झाडे आत्ता कुठे घड धरू लागली असताना आपण त्यांना जुनाट ठरवून मोकळे झालात.

कोथरूडचा प्रवासी:
तो लेख माझाच. वाडीवर घर चालत असते, तर तेथील तरुण मंडळी वादळाच्या कितीतरी आधीपासून मुंबईला का जात राहिली? मी ज्या घरी उतरलो होतो, तेथील काकूंनी स्वतः सांगितले की, नवी रोपे आणि पंपाचे वीजबिल हे दोन्ही आमच्यासारख्यांनी खाल्लेल्या मोदकांवर निघते. शिवाय पेशव्यांचे मूळ गाव म्हणून पुणेकर तेथे जातो. तो काही परका नव्हे.

जीवना बंदर:
बाळाजी विश्वनाथ सिद्दीच्या जाचामुळे श्रीवर्धन सोडून गेले आणि १७१३ मध्ये पेशवे झाले, हे आम्हांलाही शाळेत शिकवले आहे. मात्र त्यांच्यामागे गाव रिकामे झाले नव्हते. १९४८ च्या विलीनीकरणापर्यंत श्रीवर्धन जंजिरा संस्थानात होते, आणि कोळी, कुणबी, आगरी व कोकणी मुसलमान तेथेच राहून पोट भरत होते. आमच्या बंदरावर उतरणारी मासळी आणि आखातातून घरोघर येणारा पैसा आपल्या हिशेबात कोठेच दिसत नाही. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या पावसात आपल्या गाड्याही फारशा दिसत नाहीत, तेव्हा गाव कोणाच्या पैशावर चालते, तेही एकदा लिहावे.

वाडीची राखण:
इतिहास राहू द्या. वाड्या कोण मोडतो, ते बोला. माझे वडील एका पुणेकर मालकाची वाडी आयुष्यभर शिंपत आले. वादळानंतर मदत झाडामागे ठरली: नारळाला २५० रुपये, सुपारीला ५० रुपये. आधीच ती रक्कम रोप आणि मजुरीला पुरणारी नव्हती, आणि तीही सातबारावरील नावाला मिळाली. पडलेली खोडे वडिलांनी तोडून बाहेर काढली, पैसे मालकाच्या खात्यात गेले, आणि वर्षभरात वाडी विकायला काढल्याचा निरोप आला.

सदाशिव पेठ:
म्हणजे पुण्यात राहणारा प्रत्येक मालक लबाड! आमच्या सातबारावर तेवीस नावे आहेत. त्यांतील काही वारलेली, काही परदेशी, आणि दोन चुलतभावांचे एकमेकांशी बोलणे बंद. माझ्या वाट्याला आलेली मदत मी गडी लावण्यात घातली आणि वर पदरचे घातले. कूळकायद्यात आजोबांची शेतजमीन गेली, त्याबद्दल आम्ही कधी तक्रार केली नाही.

वाडीची राखण:
तक्रार केली नाही म्हणता, आणि सत्तर वर्षांनी पुण्यातून तीच सांगता. शेत कसणाऱ्याला कायद्याने काहीतरी दिले. माझे वडील पगारी गडी, त्यांना त्या कायद्यानेही काही मिळाले नसते. गडी लावला म्हणालात, त्याचे नाव तरी आपल्याला ठाऊक आहे का?

सदाशिव पेठ:
ठाऊक आहे, आणि ते येथे लिहिणार नाही, कारण त्याच्याच सुनेने आमच्या ओटीवर न्याहारीचे दुकान मांडले आहे व त्याचे भाडे आम्ही घेत नाही. हेही पर्यटनच आहे, महाशय.

आगरवासी, मुक्काम कर्वेनगर:
ओटीवर न्याहारी विकण्याला माझा विरोध कधीच नव्हता. काकूंचे मोदकही त्याच हिशेबात धरा. विरोध आहे तो वाडीच्या जागी तीन मजले उठवण्याला. त्याच वाडीच्या विहिरीवर वीस न्हाणीघरांचा भार टाकल्यावर उरलेली झाडे कशाने शिंपणार?

कोथरूडचा प्रवासी:
ठीक आहे, "मोडून" हा शब्द मागे घेतो. "शेजारी" असे वाचावे. आता तरी कोणी सांगावे की, तेवीस नावांपैकी शेजारच्या बांधकामासाठी सही नेमकी कोणाची घ्यायची?

सदाशिव पेठ:
माझी मिळणार नाही. उरलेल्या बावीसांचे पत्ते आपण शोधा. सापडले तर आम्हांलाही कळवा.