कॅथेड्रल: पहिल्या अल्बमनंतर हा बँड 'डूम'चा राहिला का?

मंद्रसप्तक (प्रश्न)

दादरला आम्हा काही मित्रमैत्रिणींचे छोटेसे श्रवणमंडळ आहे. दर बैठकीत एकाने एका बँडची कारकीर्द निवडक ध्वनिमुद्रणे ऐकवत दोन तासांत मांडायची, असा आमचा प्रघात आहे. येत्या बैठकीसाठी मी कॉव्हेंट्रीचा 'कॅथेड्रल' हा इंग्लिश डूम मेटल (हेवी मेटलचा संथ आणि जड समजला जाणारा प्रकार) बँड घेतला आहे, आणि तयारी करताना एका ठिकाणी अडलो आहे.

ठळक टप्पे मला ठाऊक आहेत. नेपाम डेथ या अतिवेगवान बँडमधून १९८९ साली बाहेर पडलेल्या ली डोरियन यांनी मार्क ग्रिफिथ्स आणि अ‍ॅसिड रेनचे गिटारवादक गॅरी जेनिंग्ज यांच्यासह कॅथेड्रल उभा केला. १९९१ साली इअरेक कंपनीने त्यांचा 'फॉरेस्ट ऑफ इक्विलिब्रियम' काढला. त्यातली बहुतेक गाणी इतकी संथ आहेत की नव्या श्रोत्याला यंत्र बिघडल्याची शंका यावी. त्यानंतर दोनच वर्षांनी आलेला 'द इथिरियल मिरर' मात्र चक्क ठेका धरायला लावतो. 'मिडनाइट माउंटन'वर तर नाचताही येईल. या काळात अमेरिकेत कोलंबियासारख्या बड्या कंपनीने बँडला हात दिला होता. आमच्या मंडळातील एका सदस्याचे ठाम मत असे की करार झाला आणि डूम संपला. मला हे पटत नाही, परंतु नीट खोडूनही काढता येत नाही.

दुसरे असे की, श्रोत्यांपैकी निम्मे शास्त्रीय संगीतातले असल्यामुळे पहिला अल्बम विलंबित ख्यालाच्या अंगाने समजावून द्यावा, असे मनात आहे. आपल्याला हे योग्य वाटते का?

जुनी_फीत

आपल्या सदस्याच्या मताला उत्तर पहिल्या अल्बममध्येच आहे. 'सोल सॅक्रिफाइस' हे त्यातले जेमतेम तीन मिनिटांचे गाणे इतर गाण्यांच्या मानाने चांगलेच चपळ आहे, आणि १९९२ साली बँडने तेच गाणे वाढवून, अधिक झुलत्या अंगाने पुन्हा ध्वनिमुद्रित करून त्याच्याच नावाची ईपी (अल्बमपेक्षा छोटी तबकडी) काढली. तोवर ढोलकांवर माइक स्मेल यांच्या जागी जेनिंग्ज यांचे अ‍ॅसिड रेनमधले जुने सहकारी मार्क रॅम्झी व्हार्टन आले होते. म्हणजे वळणाची सुरुवात 'इथिरियल मिरर'च्या आधीच झाली होती, आणि तिचे बीज करारापेक्षा वादकसंचात शोधणे मला अधिक सयुक्तिक वाटते. ज्यांचे हात थ्रॅश या वेगवान मेटल प्रकाराच्या चालीवर तयार झाले आहेत, ते वादक संथपणा एक व्रत म्हणून काही काळ पाळतील. जन्मभर पाळतील असे नाही.

त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोरियन यांचा आदर्श केवळ मंद लय हा कधीच नव्हता. १९९० च्या 'इन मेमोरियम' या डेमोत त्यांनी अमेरिकेतल्या पेंटाग्रामचे 'ऑल युवर सिन्स' हे गाणे घेतले होते, आणि पेंटाग्राम हा सत्तरच्या दशकातल्या जड रॉकमधून आलेला बँड आहे. ज्यांच्यापासून डूमची सुरुवात मानली जाते त्या ब्लॅक सॅबथचे पहिले चार अल्बम सलग ऐकले तर लक्षात येते की त्यांतही जलद भाग भरपूर आहेत. संथ म्हणजेच डूम हे समीकरण पुढच्या पिढीने घट्ट केले, आणि गमतीचा भाग असा की ते घट्ट करण्यात 'फॉरेस्ट'चा वाटा मोठा आहे.

कराराचा मुद्दा मात्र अगदीच फेटाळू नका. त्याने संगीत बदलले नसेल, पण घडी विस्कटली हे खरे. १९९४ साली बँड ब्लॅक सॅबथबरोबर युरोपच्या दौऱ्यावर गेला. खरे तर याहून मोठा मान कोणता? आणि त्याच वर्षी गिटारवादक अ‍ॅडम लेहान व व्हार्टन बाहेर पडलेले दिसतात. दौऱ्यात त्यांच्या जागी पेंटाग्रामचेच व्हिक्टर ग्रिफिन आणि जो हॅसलव्हँडर वाजवत होते. उरले ते डोरियन आणि जेनिंग्ज, आणि पुढची सारी वाटचाल या दोघांच्या भागीदारीची आहे. आपल्या मांडणीत जेनिंग्ज यांना भरपूर वेळ द्या. मुलाखती डोरियन देतात, म्हणून लेखही त्यांच्यावरच लिहिले जातात; पण ज्या रिफ (गिटारवर पुन्हा पुन्हा येणाऱ्या छोट्या स्वराकृती) आपण लक्षात ठेवतो त्यांतल्या बहुतेक जेनिंग्ज यांच्या आहेत.

खारदांडा

विलंबित ख्यालाची उपमा कृपया टाळा. ऐकायला ती आकर्षक वाटते, पण शास्त्रीय संगीत जाणणाऱ्या श्रोत्यांचीच तिने सर्वाधिक दिशाभूल होईल.

उस्ताद अमीर खाँ यांचा अतिविलंबित झुमरा घ्या. तिथे तालाचे आवर्तन प्रशस्त असते, परंतु त्या अवकाशात गायक मोकळेपणाने हिंडतो, राग एकेका स्वराने उलगडतो, आणि मैफल क्रमाक्रमाने द्रुताकडे जाणार हे श्रोत्याला ठाऊक असते. 'फॉरेस्ट'मधील 'इबनी टिअर्स' किंवा 'अ फ्युनरल रिक्वेस्ट' ऐका. तिथे रिफ हीच संथ आहे, ती त्याच रूपात पुन्हा पुन्हा येते आणि कोणत्याही बढतीचे आश्वासन देत नाही. श्रोत्याचे लक्ष जाते ते एक सूर वाजल्यापासून विरेपर्यंतच्या काळावर, आणि दोन आघातांमधल्या रिकाम्या जागेवर. आपल्या श्रोत्यांना एवढेच सांगा की इथे विस्ताराची वाट पाहू नका, नादाच्या वजनाकडे कान द्या. अल्बमच्या आरंभी येणारी बासरी त्यांना आपोआप जवळची वाटेल. तिच्यासाठी वेगळे प्रास्ताविक नको.

उपमेऐवजी विरोध वापरा. नेपाम डेथच्या 'स्कम' (१९८७) अल्बमच्या दुसऱ्या बाजूवर डोरियन गायले आहेत. त्यातली दोन गाणी लावा, ती मिनिटा-दीड मिनिटात संपतील, आणि लगेच 'इबनी टिअर्स' सुरू करा. वेगाचा कळस गाठलेला माणूस विरुद्ध टोकाला का गेला, हे वेगळे सांगावे लागणार नाही. मात्र अनेक जण उत्साहाच्या भरात 'यू सफर' हे सव्वा सेकंदाचे प्रसिद्ध गाणे लावतात. ते त्याच अल्बमच्या पहिल्या बाजूवर आहे आणि ती बाजू डोरियन येण्यापूर्वीच्या संचाची आहे.

पोर्ट_ट्रस्ट

वरील दोन्ही प्रतिसादांशी सहमत आहे, परंतु १९९५ नंतरचा काळ इथे कुणी हातात घेतलेला नाही, आणि कारकीर्द म्हटली की तोच सर्वांत लांब आहे.

'द कार्निव्हल बिझार' (१९९५) मला त्यांचा सर्वांत समतोल अल्बम वाटतो. लिओ स्मी आणि ब्रायन डिक्सन हे बास-ढोलकांचे जोडपे इथपासून स्थिरावले आणि दीड दशक टिकले. 'हॉपकिन्स' हे गाणे सतराव्या शतकात इंग्लंडमध्ये चेटकिणी हुडकत फिरणाऱ्या मॅथ्यू हॉपकिन्सवर आहे, तर 'युटोपियन ब्लास्टर'मध्ये खुद्द ब्लॅक सॅबथच्या टोनी आयोमी यांनी गिटार वाजवली आहे. ज्यांच्या पावलावर पाऊल टाकून ही मंडळी निघाली, तेच येऊन वाजवून गेले. डूम सोडल्याचा आरोप करणाऱ्यांनी याचाही विचार करावा. त्यानंतरचे 'सुपरनॅचरल बर्थ मशीन' (१९९६) आणि 'कॅरव्हॅन बियाँड रिडेम्प्शन' (१९९८) यांतून एकेक गाणे पुरे. तिथे सूत्र सैल झाले आहे, आणि दोन तासांच्या बैठकीत त्याची भरपाई होणार नाही.

बिली अँडरसन यांच्या निर्मितीखाली झालेला 'एंडटाइम' (२००१) मात्र वगळू नका. बँड इथे जाणूनबुजून पुन्हा जड आणि कडू झाला, आणि दहा वर्षांनी परतलेला संथपणा पहिल्या अल्बमच्या संथपणाहून वेगळा आहे. त्यात शोक कमी आणि चीड जास्त आहे. 'द गेसिंग गेम' (२०१०) हा दुहेरी अल्बम मेलोट्रॉन (फितींवरचे ध्वनी वाजवणारे जुने कळवाद्य) व जुन्या प्रोग रॉकने भारलेला आहे. कित्येकांना तो प्रिय आहे. मला तो पसरट वाटतो.

शेवटाबद्दल दोन गोष्टी सांगाव्यात. डिसेंबर २०१० मध्ये लंडनला 'फॉरेस्ट'च्या मूळ संचाने एकत्र येऊन तो संपूर्ण अल्बम सादर केला, आणि त्याचे ध्वनिमुद्रण 'अ‍ॅनिव्हर्सरी' या नावाने निघाले. पुढे त्यांनी मंच सोडला. निरोपाचा अल्बम 'द लास्ट स्पायर' मात्र त्यानंतर २०१३ मध्ये आला, तोही डोरियन यांच्या स्वतःच्या राइज अबव्ह कंपनीकडून. त्यातले 'टॉवर ऑफ सायलेन्स' हे शीर्षक वाचून कोणत्याही मुंबईकराला मलबार हिलवरची पारशांची दोखमा आठवेल, आणि आपल्या बैठकीत कुणीतरी ते बोलून दाखवेलच. रेटून चालवायची सवय असलेल्या या क्षेत्रात, मंच आधी सोडून शेवटचे काम नंतर शांतपणे पुरे करणारे बँड मला फार आढळलेले नाहीत.

मंद्रसप्तक

सर्वांचे मनःपूर्वक आभार. ख्यालाची उपमा वगळली आहे आणि 'स्कम'ने सुरुवात करण्याचे ठरवले आहे. एक शंका उरते: राइज अबव्हचा विषय कारकिर्दीत धरावा की बाहेर ठेवावा? इलेक्ट्रिक विझार्ड, ऑरेंज गॉब्लिन आणि घोस्टचा पहिला अल्बम ही नावे आली की बैठक तिकडेच वाहून जाईल अशी भीती वाटते.

जुनी_फीत

धरावा, पण एकाच गाण्यापुरता. ही कंपनी डोरियन यांनी १९८८ मध्ये, म्हणजे कॅथेड्रलच्याही आधी सुरू केली, त्यामुळे तिला परिशिष्ट म्हणता येत नाही. इलेक्ट्रिक विझार्डचे एखादे गाणे 'एंडटाइम'च्या लगेच आधी लावा. ज्या बँडना डोरियन यांनी स्वतः पुढे आणले, त्यांचा जडपणा २००१ पर्यंत त्यांच्याच कानांवर कसा परतला असेल, याची चर्चा तिथे आपोआप निघेल. आणि स्पीकर शक्यतो मोठे मिळवा. खालचे सूर हरवले तर 'फॉरेस्ट'मध्ये ऐकण्यासारखे फारसे उरत नाही. शेजाऱ्यांची परवानगी आधीच काढून ठेवलेली बरी.