मुलींच्या खो-खो संघानं गुलाबी फीत बांधावी का? (इंदूर)

रामबागची आई:
माझी लेक चिमणबागेत खो-खो खेळते, १४ वर्षांखालच्या संघात. त्यांच्यातल्याच एकीच्या आईला पावसाळ्यात स्तनाचा कर्करोग निघाला. दर तीन आठवड्यांनी केमो चालू आहे. ऑक्टोबर हा या रोगाच्या जागृतीचा महिना, म्हणून पालकांचं असं चाललंय की पुढच्या सामन्यांत मुलींनी दंडाला गुलाबी फीत बांधायची आणि सामना संपला की त्या घरासाठी मैदानात पेटी फिरवायची. माझं म्हणणं, हे करायलाच हवं. माझ्या मावशीनं गाठ सात महिने लपवली. दुखत नव्हती, आणि सांगायचं कुणाला, हा संकोच. घरातली पोर मैदानातून येऊन "आई, तू दाखवलंस का डॉक्टरला?" असं विचारेल तर असले महिने वाया जाणार नाहीत. तुम्हाला काय वाटतं?

जुना खो-खोपटू:
ताई, मला नाही पटत. पेटी फिरेल तेव्हा ती पोर तिथेच खांबाजवळ उभी असणार, आणि सगळं मैदान तिच्याकडे बघणार. मी शाळेत असताना वडील दीड वर्ष अंथरुणाला होते. घरी, गल्लीत, वर्गात जो तो विचारायचा, "बाबा कसे आहेत?" मैदानात कुणी विचारत नसे. तिथे फक्त "खो" ऐकू यायचं आणि मी उठून पळायचो. तेवढी एक जागा होती माझी. या मुलीची ती जागा आपण काढून घेतोय.

मल्हारगंजकर:
पण खेळातून हे झालंय, आणि नीट झालंय. ऑस्ट्रेलियाचा क्रिकेटपटू ग्लेन मॅकग्रा, त्याची पत्नी जेन २००८ मध्ये याच रोगानं गेली. २००९ पासून जानेवारीतली सिडनी कसोटी गुलाबी रंगात होते आणि जमलेल्या पैशातून कर्करोगाच्या रुग्णांसाठी खास परिचारिका नेमल्या जातात. मैदानातल्या शेवटच्या माणसालासुद्धा कळतं, आज गुलाबी का.

जुना खो-खोपटू:
तिथे पैसा कुठे जातो हे ठरलेलं आहे. आपल्या पेटीचा हिशोब कोण ठेवणार? आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या कुणाच्या घरी काही निघालं तर?

नर्सताई:
मी कर्करोगाच्या वॉर्डात काम केलंय, म्हणून जरा लांब लिहिते. २०२२ च्या जागतिक अंदाजानुसार भारतात त्या वर्षी या रोगाचे सुमारे १ लाख ९२ हजार नवे रुग्ण होते आणि ९८ हजारांहून जास्त मृत्यू. आपल्याकडे बायका उशिरा येतात, हे त्यातलं मोठं कारण. मुंबईच्या टाटा रुग्णालयानं दीड लाख बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षित आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हातानं तपासलं, मॅमोग्राफी, म्हणजे स्तनाचा एक्स-रे, नाही. पन्नाशीपुढच्या बायकांत या रोगानं होणारे मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. धाकट्या वयात तसा फरक दिसला नाही. तीस वर्षांपुढच्या बायकांसाठी ही तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात फुकट असते.

पण एक विनंती. तेरा-चौदाच्या मुलींना स्वतःची छाती तपासायला शिकवू नका. त्या वयात हा रोग जवळजवळ नसतोच. वाढीच्या काळात एक बाजू आधी वाढते, गाठीसारखं हाताला लागतं, आणि पोरी घाबरून रात्ररात्र जागतात. त्यांनी आईला आणि आजीला केंद्रात न्यावं, एवढंच त्यांच्याकडून मागा.

दोन मुलांचा बाबा:
हे मुलींच्याच संघाचं काम का? आया मुलांनाही असतात. हा रोग क्वचित पुरुषांनाही होतो. आमच्या मुलांनी पण फीत बांधावी. फक्त मुलींनी बांधली की "बायकांचं काहीतरी" म्हणून लोक मान फिरवतील.

रामबागची आई:
हे माझ्या डोक्यात आलं नव्हतं. खरंय तुमचं.

संघाची ताई:
मी या मुलींना शिकवते. इथे एवढं बोलणं झाल्यावर काल त्या आईलाच जाऊन विचारलं. त्यांना विचारूनच इथे लिहितेय. पेटी नको, म्हणाल्या. फीत सगळ्यांनी बांधावी, पण माझं नाव घेऊ नका, आणि माझ्या लेकीला पुढे उभी करू नका. उपचाराचा खर्च आयुष्मान कार्डावर निघतोय. अडचण वेगळीच आहे. केमोच्या दिवशी धाकटा एकटा असतो, आणि सरावानंतर मुलीला घरी सोडायला कुणी नसतं. पुढच्या महिन्यात दुसऱ्या मतासाठी मुंबईला जायचंय.

नर्सताई:
मुंबईचं तिकीट आधी काढू नका म्हणावं. कर्करोगाच्या रुग्णाला रेल्वेत स्लीपर आणि थ्री एसीचं भाडं पूर्ण माफ असतं, सोबतच्याला ७५ टक्के सूट. रुग्णालयाकडून सवलतीचा फॉर्म भरून घ्यावा लागतो. अवंतिका एक्सप्रेसनं संध्याकाळी निघालं की सकाळी मुंबई.

जुना खो-खोपटू:
पेटी गेली, बरं झालं. फितीबद्दल माझं मत तेच आहे, पण आईच हो म्हणतेय तर मी आडवा येणार नाही. माझं घर त्याच रस्त्यावर आहे. सरावानंतर आमची पुतणी आणि ती, दोघींना मीच सोडत जाईन. तिला कारण सांगायची गरज नाही.

रामबागची आई:
धाकटा केमोच्या दिवशी माझ्याकडे. रात्रीचा डबाही माझ्याकडून. ताई, पुढची तारीख कळवा. आणि माझ्या आईला घेऊन मी शनिवारी केंद्रात जातेय. ती बासष्ट वर्षांची आहे, आजवर एकदाही दाखवलेलं नाही.