पाळणाघर आणि पन्नासाचा आकडा

स्थलांतरित बांधकाम मजुरांची मुले जन्मदाखला आणि शाळा सोडल्याचा दाखला नसल्यामुळे शाळेबाहेर राहतात, असे अनेकदा म्हटले जाते, ते मला अर्धेच पटते. शिक्षणहक्क कायदा, २००९ च्या कलम १४ नुसार वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला मिळायला झालेला उशीरही आड येऊ शकत नाही, आणि मुंबई महापालिका तर तमिळ, तेलुगू, कन्नड माध्यमांच्याही शाळा चालवते. (मुख्याध्यापकांना ही कलमे ठाऊक असतातच असे नाही, हे मान्य.)

अडचण बहुधा सहा वर्षांखालच्या धाकट्या भावंडापासून सुरू होते. बांधकाम कामगारांसाठीच्या १९९६ च्या केंद्रीय कायद्याने (तो नोव्हेंबर २०२५ पर्यंत लागू होता) कलम ३५ मध्ये पाळणाघराची सक्ती केली होती, पण पन्नासहून अधिक स्त्री कामगार असतील तिथेच. चार वर्षांपूर्वी कांजूरमार्गच्या एका साइटवर मी कामानिमित्त रोज जात असे. तिथे बायका साठ-सत्तर सहज असतील. मात्र त्या तीन मुकादमांच्या हजेरीपटांवर विभागलेल्या असल्यामुळे पाळणाघराचा विषय कोणी काढलाच नाही. परांचीच्या बांबूला जुन्या साडीची झोळी बांधलेली असे आणि सिमेंटच्या रिकाम्या गोणीवर बसून आठेक वर्षांची एक मुलगी तिला झोके देत असे. तिचे नाव जवळच्या पालिका शाळेच्या पटावर होते, कागदपत्रांवाचून काही अडले नव्हते. धाकटा चालायला लागला की ती शाळेत जाईल, असे तिच्या आईने मला सांगितले होते.