काही लागलेलं दिसत नाही, तरी कुत्रा लंगडतोय: तुमचे अनुभव सांगा

अबोली:
आज सकाळी दूध आणायला गेले तर कोपऱ्यावरची काळी तीन पायांवर चालत होती. रक्त नाही, सूज नाही. एकदम आमचा वाघ्या आठवला.

वाघ्या गावठीच, साताऱ्याच्या घरचा. एका पावसाळ्यात पुढचा उजवा पाय टेकेना. दाबून पाहिला, कळवळला नाही. मुरगळला असेल म्हणून आईने कोमट तेल चोळलं. दोन दिवसांनी तो पाय सुधारला आणि मागचा डावा धरला. आम्ही म्हटलं, चला, उतार पडतोय. तिथेच कळायला हवं होतं! पाचव्या दिवशी भाकरीला तोंड लावेना, नाकातून रक्ताचा थेंब आला. डॉक्टरांनी आधी कान उलटा केला, मग बोटांच्या बेचक्या पाहिल्या. गोचीड. रक्त तपासलं तर प्लेटलेट, म्हणजे रक्त गोठायला लागणाऱ्या पेशी, पार उतरलेल्या. गोचीडतापात सांधे धरतात, म्हणून दुखणं या पायातून त्या पायात फिरतं. २८ दिवस डॉक्सिसायक्लिन, म्हणजे अँटिबायोटिकची गोळी, उपाशीपोटी द्यायची नाही, म्हणून भाकरीच्या लाडूत घालून. पुढे सहा वर्षं जगला. पण ते पाच दिवस अजून सलतात.

तुमच्याकडे कधी असं झालंय?

माळरान:
सराटे!! आमच्याकडे दहातले आठ वेळा तेच. पंजा उलटा धरायचा, टॉर्च मारायचा, गाद्यांच्या मधले केस बाजूला करून बघायचं. कुसळ आत शिरलं की वरून काहीच दिसत नाही. आणि अंगठ्याचं नख बघा, ते झिजत नाही, वळून मांसात घुसतं.

रानवारा:
साताऱ्यात कुठे ताई? माझं आजोळ राजवाड्याजवळ.

अबोली:
अय्या, आम्ही पण तिकडचेच. पेढे आणायला कोण जाणार यावरून अजून भांडणं होतात आमच्यात.

चहाबाज:
आमचा लॅब्रेडॉर, आठ महिन्यांचा. आज हा पाय, पुढच्या आठवड्यात तो. एक्स-रे काढला, वाढत्या हाडांचं दुखणं निघालं, मोठ्या जातीच्या पिल्लांना होतं म्हणे. वयाबरोबर गेलं. आम्ही मनाने कॅल्शियम चालू केलं होतं, ते डॉक्टरांनी आधी बंद करायला लावलं. मोठ्या जातीच्या पिल्लांना जास्तीचं कॅल्शियम उलट त्रास देतं.

सायली०७:
आमची आत्ता सोफ्यावरून उतरली आणि मागचा पाय उचलूनच धरलाय. दवाखाना सकाळी उघडतो. ब्रुफेनची अर्धी गोळी देऊ का

माळरान:
नको नको नको. पोटात व्रण होतात, मूत्रपिंड जातं. क्रोसिन, कॉम्बिफ्लाम, काहीच मनाने देऊ नका.

अबोली:
सायली, दिली नाहीस ना?? तेल पण चोळू नकोस. एका खोलीत ठेव, जिना-उड्या बंद, शी-शूला पट्टा लावूनच ने. रडत असेल, पाय वाकडा लोंबत असेल किंवा मागचे दोन्ही पाय लुळे वाटले तर सकाळची वाट बघू नकोस, रात्री उघडा असेल तो दवाखाना शोध.

सायली०७:
नाही दिली. शांत आहे, पोळी खाल्ली. थँक्यू ताई

देवगडकर:
मोबाइलवर व्हिडिओ काढून ठेवा. आमचा दवाखान्याची पायरी चढला की घाबरून सरळ चालायचा! पुढचा पाय दुखत असेल तर डोकं बघा. दुखरा पाय टेकला की डोकं वर जातं, चांगला टेकला की खाली.

मोगरा:
पॉमेरियन. चार पावलं चालायची, दोन पावलं पाय वर धरून उडी, परत नीट. गुडघ्याची वाटी सरकत होती. वजन कमी केलं आणि गुळगुळीत फरशीवर जुन्या सतरंज्या टाकल्या, बराच फरक पडला.

पाऊलखुणा:
आमचा रॉटवायलर नऊ वर्षांचा. पुढच्या पायाला मनगटाच्या वर जरा जाडसर लागत होतं. महिनाभर वय झालं म्हणत राहिलो. हाडाचा कॅन्सर होता. म्हातारा कुत्रा लंगडला तर एक्स-रे काढाच. बास, जास्त लिहवत नाही.

मोगरा:
🙏 वाचून गलबलून आलं हो.

सायली०७:
आत्ताच दवाखान्यातून आलो. गुडघ्याचा लिगामेंट दुखावलाय. सूज उतरायचं कुत्र्यांचं औषध दिलंय, सहा आठवडे उड्या बंद, मग परत तपासून ऑपरेशनचं ठरवणार.

अबोली:
काळजी घे गं तिची. आमची काळी काल जवळच येईना. आज बिस्किटावर आली, पंजा हातात दिला. दोन बोटांमध्ये टपोरी गोचीड, आणखी तीन कानात. अंगही गरम लागतंय. शेजारचे काका रिक्षा आणतायत, संध्याकाळी तिला घेऊन जातोय.