फ्लाय बांधायला तुम्हाला कुणी शिकवलं? तुमचे अनुभव आणि क्लृप्त्या

काठावरचा
काल पाण्यावर एक नवखा मुलगा भेटला. बारीक काळे किडे घोळक्याने पृष्ठभागावर उतरलेले, मासे वर येऊन ते टिपतायत आणि याच्या दोरीला भली मोठी केसाळ फ्लाय (हुकावर पिसं-दोरा बांधून केलेला नकली किडा). डबीतल्या दोन ग्रिफिथ्स नॅट, म्हणजे अशा बारीक किड्यांच्या नकला, त्याला दिल्या, १८ नंबरच्या (नंबर मोठा तितका हुक बारीक). त्याने तळहातावर घेऊन उलटसुलट पाहिल्या आणि म्हणाला, "ह्या हाताने बांधतात?" तेव्हापासून आमचं जुनं टेबल डोक्यात घोळतंय.

आम्ही पाच-सहा जण संध्याकाळी जमायचो. टेबलाच्या कडेला हुक पकडायचे व्हाइस आवळलेले, मध्ये एक दिवा, आणि कुणी शिंकलं की सगळ्यांची पिसं उडायची. शिकवणारे काका फार कमी बोलायचे. तुमच्या हातातून दोऱ्याची बॉबिन अलगद काढून घ्यायचे, चार-पाच वळसे उलगडायचे आणि बॉबिन परत हातात द्यायचे. कुठे बिनसलं ते आपलं आपल्याला दिसायचं. त्यांचं एकच वाक्य ठरलेलं: "डोकं कुठे बसवणार?" म्हणजे हुकाच्या नेढ्यामागे जागा राहिलेली नाही. अंग, पंख, हॅकल (हुकाभोवती गुंडाळायचं कोंबड्याच्या मानेचं पीस) सगळं थोडं थोडं पुढे सरकत जातं आणि शेवटची गाठ मारायची वेळ आली की बोटभर काय, केसभर जागा नसते. म्हणून ते दोरा सुरू करतानाच नेढ्याच्या मागे एका नेढ्याएवढी जागा सोडायला लावायचे. त्या पहिल्या वळशाच्या पुढे काहीही न्यायचं नाही. माझा हात आजही तिथेच सुरू होतो.

तर लिहा. कुणी शिकवलं, कुणाची सवय तुमच्या हाताला लागली, कुणी दिलेली फ्लाय अजून डबीत आहे. क्लृप्त्याही हव्यातच, पण कुणाकडून आली तेही सांगा.

पिसारा
पिंच रॅप, म्हणजे चिमटीत धरून बांधायचा वळसा. मावशीकडून.

मावशी उजवी, मी डावरी. शेजारी बसले की सगळं उलटं दिसायचं म्हणून ती मला समोर बसवायची. मग तिचा हात आणि माझा हात एकाच बाजूला. शेपटीचे तंतू अंगठा आणि तर्जनीच्या पेरांत हुकाच्या अगदी वर धरायचे, दोरा त्या दोन पेरांच्या मधून वर न्यायचा, वर एक सैल फास राहू द्यायचा, पलीकडून खाली आणायचा आणि मग सरळ खाली ओढायचं. बोटं तोवर सोडायची नाहीत. सैल फास वरून खाली बसतो, म्हणून तंतू हुकाच्या पलीकडच्या बाजूला लोळत नाहीत. ती म्हणायची, बोटं दिसली पाहिजेत, दोरा नाही. जास्त लिहायचंय पण पिल्लू उठलं.

टिपूस
+१ पिंच रॅप. आणि डावऱ्यांना समोर बसवायची कल्पना फार आवडली. माझा भाचा डावरा आहे, वैतागून सोडून दिलं होतं त्याने. या रविवारी समोर बसवते.

वाहतं पाणी
ॲडम्स ही फ्लाय कुणाला माहीत नाही? पण तिच्या नावामागे मैत्री आहे, ते सांगायला आलो. १९२२ मध्ये मिशिगनमधल्या लेन हॅलाडे यांनी ती बांधली आणि त्यांचे स्नेही चार्ल्स ॲडम्स यांना वापरून बघायला दिली. ॲडम्स बोर्डमन नदीवर गेले, खूश होऊन परत आले, ही कसली फ्लाय म्हणून विचारलं, आणि हॅलाडेंनी त्यांचंच नाव तिला देऊन टाकलं. बांधणाऱ्याचं नाव आज थोड्यांना आठवतं, वापरणाऱ्याचं सगळ्यांच्या तोंडी. मला यात बांधणाऱ्याचा मोठेपणा दिसतो.

काठावरचादादांनी दिलेली ग्रिफिथ्स नॅटही तशीच. जॉर्ज ग्रिफिथ यांच्या नावाची. १९५९ साली ट्राउट अनलिमिटेड ही ट्राउट मासे आणि त्यांच्या नद्या जपणारी संस्था सुरू करणाऱ्यांतले ते. क्लाउझर मिनो या फ्लायचंही तेच. बॉब क्लाउझर यांनी बांधली, नाव दिलं फ्लाय फिशिंगचे नावाजलेले शिक्षक लेफ्टी क्रे यांनी.

आमच्या गटातही एक राखाडी फ्लाय आहे, तिला आम्ही सगळे एका मित्राच्या टोपणनावाने हाक मारतो. टोपणनाव इथे लिहिण्यासारखं नाही :)

नवशिकी
मला एक सांगा कुणीतरी. डबिंग (अंगासाठी दोऱ्यावर वळायची लव) कितीही बारीक केलं तरी अंग गलेलठ्ठच होतं. काय करू?

पिसारा
@नवशिकी, चिमटीत जेवढं घ्यावंसं वाटतं त्याच्या निम्मं घे. मग त्यातलं निम्मं परत पुडीत टाक. उरलं ते पुष्कळ आहे. आणि दोऱ्यावर वळताना एकाच दिशेने. पुढे-मागे वळलं की जेवढं घट्ट झालं तेवढं सुटतं.

धुकं
@नवशिकी दोऱ्याला मेणाचा नुसता हात लावायचा, चिकट करायचा नाही. मेफ्लाय या पाणकिड्याचं खरं अंग बघ एकदा, अगदी सडपातळ असतं. दोऱ्याचा रंग अस्तरातून दिसला पाहिजे इतकं विरळ असलं तरी चालतं.

नवशिकी
आत्ताच करून बघितलं!! १४ नंबरवर. पहिल्यांदाच कंबर दिसली फ्लायला. दोघींना खूप खूप धन्यवाद

धुकं
*दोघांना :) मी दादा आहे

नवशिकी
अय्या सॉरी दादा

सुईदोरा
मी मासे धरत नाही. पाण्यात उभं राहायलाही आवडत नाही. बांधते मात्र रोज. भावासाठी सुरू केलं, आता त्याचे चार मित्र माझ्याकडूनच नेतात, आणि परत आल्यावर कुठे, किती वाजता, कुठल्या दगडाच्या मागे मासा लागला ते मला सविस्तर सांगावं लागतं, ही माझी अट आहे.

पूर्वी लोक विचारायचे, मासेच धरायचे नाहीत तर कशाला? मग मेगन बॉइड यांच्याबद्दल कळलं. स्कॉटलंडमध्ये ब्रोरा नदीजवळ राहायच्या. उभं आयुष्य सॅमन फ्लाय बांधल्या, जगभरातून मागणी, आणि स्वतः मासेमारी करत नव्हत्या, मासा मारणं त्यांना सोसायचं नाही. १९७१ मध्ये ब्रिटिश एम्पायर मेडल जाहीर झालं तर राणीकडे जायला नकार कळवला, कारण त्या दिवशी कुत्र्याला सांभाळायला कुणी नव्हतं. हे वाचल्यापासून मला कुणाला उत्तर द्यावंसंच वाटत नाही.

क्लृप्ती: बॉबिनच्या नळीतून दोरा ओवायला सुई ओवायची ती तारेची पातळ कडी वापरा. तोंडाने ओढून घेऊ नका. आईने दिली.

टिपूस
कुत्र्याचं कारण!! बाई आवडल्या एकदम.

केसाळ
हरणाचे केस. कोण बांधतं इथे? घरात सगळीकडे केस आहेत. उशीवर आहेत. परवा लेकीच्या वहीत निघाले.

मला एका वयस्कर बाईंनी शिकवलं, ओळख पाण्यावरच झाली. तोवर मी केस आवळून घट्ट बांधायचो आणि ते फिरतच नसत. त्यांनी सांगितलं, आधी केसांच्या मुळाशी असलेली लव कंगव्याने पूर्ण काढ, पूर्ण म्हणजे पूर्ण. मग पेन्सिलएवढी जुडी, दोन सैल वळसे, आणि तिसऱ्या वळशाला हळूहळू ओढत जुडीवरची पकड सोडायची. केस आतून पोकळ असल्यासारखे असतात, दाबले की फुलतात आणि हुकाभोवती गरकन फिरतात. मग दोन बोटांनी मागे रेटून पुढची जुडी. कात्री लावायची ती सगळ्यात शेवटी. नीट गच्च बसलं की बुचासारखं तरंगतं.

धुकं
टेबलाखाली ओलसर फडकं पसर. पडलेले केस तिथेच चिकटतात.

केसाळ
फडकं मांजर घेऊन जातं

टिपूस
आमच्या मांजराने अख्खं हॅकल पळवलं होतं, कोंबड्याच्या मानेचं, सोफ्याखाली ठेवून त्याच्यावर पहारा देत बसलं होतं 😂

केसाळ
मग मांजरांवर वेगळा धागा काढायला हवा

पिसारा
काढाच!

हळूहळू
वाचतोय सगळं. माझ्या उजव्या हाताचं ऑपरेशन झालं, त्यानंतर बोटांना कंप राहिला. व्हाइस विकून टाकायचं ठरवलं होतं. मित्राने विकू दिला नाही. तो येऊन बसायचा, मी दोरा फिरवायचो आणि तो तंतू धरायचा. एका फ्लायला चार हात. मध्येच गप्पा, मध्येच रडणंही झालं. आता १० आणि १२ नंबरच्या एकट्याला जमतात, वूली बगर नावाची फ्लाय तर छान होते. १८ला तोच लागतो अजून. मनगट व्हाइसच्या दांड्याला टेकवून ठेवलं की कंप निम्मा होतो, हे त्यानेच शोधलं.

सुईदोरा
हळूहळू, तुमच्या मित्राला माझा नमस्कार सांगा. वूली बगर बघायला आवडेल. १८च्या मी बांधून देते, मनापासून सांगते.

वाहतं पाणी
दादा, फार बरं वाटलं वाचून. अमेरिकेत कॅस्टिंग फॉर रिकव्हरी म्हणून संस्था आहे, १९९६ पासून, स्तनाच्या कर्करोगातून जाणाऱ्या स्त्रियांना एकत्र आणून फ्लाय फिशिंग शिकवतात. हळुवारपणे कास्ट करताना, म्हणजे दोरी फेकताना, हात आणि खांद्याला व्यायाम होतो हे एक, आणि सोबतीला आपल्यासारखंच सोसलेलं माणूस असतं हे दुसरं. तुमच्या मित्राने तेच घरच्या घरी केलं.

डबी नं ३
आमची अदलाबदल सांगते. दहा जण. प्रत्येकाने एकच नमुना निवडायचा आणि त्याच्या दहा बांधायच्या, पेटी एका घरी जाते, तिथे वाटणी होऊन प्रत्येकाला दहा वेगवेगळ्या परत. प्रत्येक फ्लायला बांधणाऱ्याचं नाव, नंबर आणि वापरलेलं सामान लिहिलेली चिठ्ठी.

एकदा सगळ्यांनी मुद्दाम एकच नमुना घेतला, फेझंट टेल निंफ (निंफ म्हणजे पाण्याखालच्या पिल्लू-किड्याची नक्कल). फ्रँक सॉयर यांची मूळ पद्धत: दोरा नाहीच, तांब्याची बारीक तार आणि फेझंट पक्ष्याच्या शेपटीचे तंतू, एवढंच. तार वजनही देते आणि बांधतेही. ते इंग्लंडमध्ये एव्हन नदीची राखण करायचे, त्यामुळे पाण्यातलं रोज बघत होते. दोनच वस्तू, तरी दहाही जणांच्या वेगळ्या! एकाची छाती फुगीर, एकीची शेपटी आखूड, एकाचे वळसे इतके घट्ट की तार चमकतच नाही. चिठ्ठी न बघता मी आता सांगू शकते कुणाची कुठली. त्यातल्या एक काकू आता नाहीत. त्यांची वापरत नाही, ठेवली आहे.

टिपूस
:(

काठावरचा
डबी नं ३, काकूंच्या हाताचं काय वेगळं होतं ते लिहाल का?

डबी नं ३
त्या तार सोडताना तोडायच्या नाहीत, मागे-पुढे वाकवून मोडायच्या. टोक आत दबतं, बोटाला टोचत नाही. मी तसंच करते आता. कात्रीची धारही वाचते.

पंखपेटी
सामानाबद्दल थोडं. पिसं घरात आली की थेट डब्यात नको. हवाबंद पिशवीत घालून फ्रीझरमध्ये, काही दिवसांनी बाहेर, मग पुन्हा आत. पहिल्या थंडीत किड्यांची अंडी वाचली तर बाहेर काढल्यावर फुटतात, दुसऱ्या फेरीत ती जातात. माझ्या शेजारच्या गृहस्थांचा आख्खा संग्रह कसरीने खाल्ला, वडिलांकडून आलेला. आम्ही सगळ्यांनी आपापल्या डब्यातून मूठ मूठ काढून त्यांना नवा करून दिला.

आणि रानकोंबड्याच्या मानेची ती डोळेवाली पिसं कुणी स्वस्तात देतो म्हणाला तर आधी विचारा कुठून आली. रानपक्ष्याला मारून आलेलं पीस आपल्या फ्लायवर नको. पाळीव पैदाशीतली मिळतात, छापील नक्कलही येते, आणि माशाला फरक पडत नाही.

धुकं
अगदी. शेवटचं वाक्य शंभर टक्के.

नवशिकी
मोरपिसाचे तंतू सारखे तुटतात, त्यावर काही उपाय? नॅट बांधायला घेतली होती

काठावरचा
दोन-तीन तंतू एकत्र बांध, मग त्यांना दोऱ्याभोवती पीळ देऊन एक दोरखंड कर आणि तो गुंडाळ. आत दोरा आहे म्हणून एखादा तंतू तुटला तरी अंग सुटत नाही. फार पीळ नको, पीळ देतानाच तुटतात. त्यावर हॅकल अंतर ठेवून फिरव, आणि बारीक तार उलट दिशेने आणली तर दोन्ही टिकतं.

हळूहळू
मुलांना शिकवणाऱ्यांसाठी: हुकाच्या टोकामागचा उलटा काटा व्हाइसमध्ये आधीच दाबून सपाट करा. दाबताना हुक मोडलाच तर नुसता हुक जातो, बांधलेली फ्लाय नाही. बिनकाट्याचा हुक माशाच्या आणि मुलांच्या, दोघांच्या अंगातून सहज निघतो. डोळ्यावर चष्मा हवाच.

टिपूस
भाच्यासाठी लिहून घेतलं. अजून एक, १४ नंबरच्या हुकाला वजनाचा मणी किती मिमीचा घेऊ? टंगस्टन की पितळ?

डबी नं ३
२.८ मिमी. वाहतं खोल पाणी असेल तर टंगस्टन, पितळेच्या दुपटीहून जड असतं, पटकन तळाला जातं. उथळ असेल तर पितळच बरं, सारखं अडकत नाही.

टिपूस
आणि भोक कुठल्या बाजूला? एका बाजूचं मोठं दिसतंय

डबी नं ३
बारीक भोक नेढ्याकडे, मोठं मागे. दोऱ्याचे वळसे त्यात आत जाऊन बसतात. जिग हुक (नेढ्याजवळ वाकवलेला) असेल तर मात्र खाच असलेला मणी घे, साधा वाकावरून पुढे जात नाही.

टिपूस
साधाच हुक आहे. मागवते आजच.