पैसे मोजून पाहुणचार: ठाणे-नवी मुंबईतल्या सपर क्लबचे अनुभव

सपर क्लबचं खूळ आता खाडीच्या दोन्ही बाजूंना रुळलंय. कुणाच्या तरी राहत्या घरात दहा-बारा अनोळखी माणसं, सगळ्यांना एकच मेन्यू, माणशी दीड-दोन हजार आगाऊ आणि पत्ता आदल्या दिवशी फोनवर. जाऊन आलेल्यांनी इथं लिहा. कुठल्या प्रांताचं जेवलात, काय आवडलं, काय घशाखाली उतरलं नाही. मला खरं तर हे ऐकायचंय की पैसे देऊन दुसऱ्याच्या घरी जेवताना तुम्ही पाहुणे असता की गिऱ्हाईक? पुन्हा भात मागायचा की नाही?

सुरुवात मीच करते. पातलीपाड्याला एका आसामी कुटुंबाकडे गेलो होतो. पहिला पदार्थ खार. केळीच्या साली वाळवून जाळायच्या, राखेत पाणी घालून ते गाळायचं आणि त्या पाण्यात कच्ची पपई शिजवायची. ‘साबण’, नवरा कानात पुटपुटला. मला मात्र दुसऱ्या घासापासून आवडायला लागला. जेवण खारानं सुरू होतं आणि टेंग्यानं, म्हणजे माशाच्या आंबट पातळ कालवणानं, संपतं. टेंग्यात त्यांनी थेकेरा घातला होता. तो आपल्या कोकमाच्याच कुळातला, त्यामुळे टेबलावरच्या मराठी मंडळींची कळी तिथं खुलली. मधे आलू पिटिका होती: कुस्करलेला बटाटा, कांदा, मिरची आणि कच्चं मोहरीचं तेल. झणका थेट नाकात! जोहा तांदळाचा वास तर लिफ्टपाशीच आला होता.

बाई सगळा वेळ उभ्या राहून वाढत होत्या. मी म्हटलं, तुम्हीही बसा ना. “आज नाही, आज तुम्ही पैसे दिलेत,” असं हसत म्हणाल्या. झालं, मला भात मागायचा धीरच होईना. शेवटी त्यांनीच न विचारता वाढला.

नेरुळकर

आमच्याच सेक्टरमध्ये एका मल्याळी घरी ओणमच्या सुमारास सद्या, म्हणजे केळीच्या पानावरची मेजवानी. पानाचं निमुळतं टोक डावीकडे, हे आपल्यासारखंच. लोणची, इंजी करी (आल्याचं आंबट-गोड तोंडीलावणं), केळ्याचे वेफर्स आधीच मांडलेले. मग अवियल (खोबऱ्यातली मिश्र भाजी), कोहळा आणि चवळीचं नारळाच्या दुधातलं ओलन, एरिश्शेरी (खोबरं घातलेली भोपळ्याची भाजी). भातावर आधी वरण-तूप, त्यावर पापड चुरून, नंतर सांबार. पायसम पानावरच वाढतात आणि पातळसर असूनही हातानंच खायचं. माझ्या सासऱ्यांनी वाटी-चमचा मागितला आणि यजमानांनी मुकाट्यानं आणून दिला. जेवण झाल्यावर पान आपल्याकडे दुमडायचं, म्हणजे जेवण आवडलं.

तुमच्या प्रश्नाबद्दल: तिथं मागायची वेळच आली नाही. चार जण बादल्या घेऊन फिरत होते. पानावर हात आडवा धरावा लागला.

ऐरोलीची खादाड

खारघरचा अनुभव. नाव लिहीत नाही. ‘आजीच्या कोकणातली पंगत’ अशी जाहिरात होती. पंगत कसली, काचेच्या टेबलावर चकत्यांसारखी भाकरी आणि वाटीभर काळ्या वाटाण्याचं सांबारं. प्रत्येक पदार्थाआधी दहा मिनिटं आजीवर भाषण. मोदक माणशी एक, तोही फोटो काढून होईपर्यंत गार झालेला. सोलकढी परत मागितली तर ‘मोजून केलीये’. अठराशे रुपये! त्यात ठाण्याच्या जांभळी नाक्यावरच्या बाजारात महिन्याची भाजी आली असती. गिऱ्हाईक म्हणूनही वागवलं नाही आणि पाहुणे म्हणूनही नाही, प्रेक्षक म्हणून वागवलं.

चरईकर

माझा अनुभव अगदी वेगळा, म्हणून सविस्तर लिहितो. ठाण्यातच एका बेने इस्रायली, म्हणजे कोकणातल्या ज्यू समाजातल्या, काकूंकडे जेवलो. टेंभी नाक्याजवळचं सिनेगॉग, म्हणजे त्यांचं प्रार्थनास्थळ, 1879 सालचं. त्याच्यासमोरून आयुष्यभर गेलो, पण त्या समाजाच्या घरी कधी जेवलो नव्हतो. काकू शुक्रवारी संध्याकाळ आणि शनिवार घेतच नाहीत, शब्बाथ म्हणजे त्यांचा विश्रांतीचा दिवस असतो. म्हणून रविवारी दुपार. (मग सपर, म्हणजे रात्रीचं जेवण, कसलं, असं विचारू नका.)

त्यांची मराठी आपल्यापेक्षा चोख. आडनावं पेणकर, नवगावकर अशी, रायगडातल्या गावांवरून. हे लोक तिकडे घाण्यावर तेल गाळायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे, म्हणून गावकरी त्यांना शनवार तेली म्हणत.

मटणाचा रस्सा होता नारळाच्या दुधातला. मांसाबरोबर दूधदुभतं चालत नाही, त्यामुळे दही नाही, आणि गोडातही नारळाचंच दूध. मासा खवलं आणि पर दोन्ही असलेलाच. म्हणजे कोलंबी बाद, चिंबोरी बाद! ठाण्यात राहून कोलंबी नाही, याचं मला जेवणापेक्षा जास्त आश्चर्य वाटलं. बाकी वाटण, चिंच, कोथिंबीर सगळं ओळखीचं. जेवणाआधी मलिद्याचं ताट दाखवलं: भिजवलेले पोहे, ओलं खोबरं, साखर, वेलची, सुकामेवा, भोवती फळं. संदेष्टा एलियाहूचे आभार मानण्यासाठी करतात. काकूंनी हिब्रू प्रार्थना म्हटली आणि लगेच “घ्या हो, पोहे आळतील” म्हणून घाई केली. चिकाचा हलवाही होता, गव्हाचा चीक नारळाच्या दुधात आटवून. तो एरवी त्यांच्या नववर्षाला करतात. ढवळून ढवळून खांदा जातो म्हणे.

निघताना सर्वांना हलवा बांधून दिला. पैसे दिले होते हे मी घरी येईपर्यंत विसरलो होतो.

दिवाळ्याची सून

मी दुसऱ्या बाजूनं लिहिते, कारण मी जेवण घालते. आमचं कोळ्याचं घर, बेलापूरजवळ. लोक फोनवर विचारतात, पंधरा दिवसांनी येतो, मेन्यू सांगा. कसा सांगू? डोल जाळं, म्हणजे पाण्यात रोवून ठेवलेलं पिशवीसारखं जाळं, पाण्याच्या ओढीवर चालतं. उधाणाला पाण्याला ओढ असते तेव्हा बोंबील, जवळा मिळतो. भांगाला, म्हणजे ओढ कमी असते तेव्हा, जाळ्यात फारसं काही नाही. खाडीतली बोय, निवटे आता पहिल्यासारखे मिळत नाहीत. यांत्रिक होड्यांना जून-जुलैत बंदी असते, तेव्हा सुकं करते: सोडे-बटाटा, सुक्या बोंबलाचं कालवण, जवळ्याची चटणी, सोबत तांदळाची भाकरी. खरं सांगू, आमच्या घरात पावसाळ्यात हेच आवडीनं खातात, पण पाहुण्यांना सुरमई हवी असते. सुरमई हॉटेलात खा की!

पैशांचं म्हणाल तर आगाऊ घेण्याचं कारण सासूबाई. समोरासमोर पैसे घ्यायची त्यांना लाज वाटते. त्या मोजून वाढत नाहीत, कुणी पोट धरलं तरी “जेव गो” म्हणून भाकरी टाकतात. माझा हिशोब कोलमडतो. दहा जणांना धरून बारांचं शिजवते, तेव्हा कुठं भागतं. शिवाय एफएसएसएआयची (सरकारी अन्नसुरक्षा खात्याची) नोंदणी, गॅस, पहाटे जेट्टीवर जाणं. आणि शेजाऱ्यांना अनोळखी गाड्या नको असतात, त्यासाठी त्यांच्या घरी कालवणाचा डबा जातो. तोही खर्चात धरा.

मागून घेतलेलं आम्हाला आवडतं. पानात टाकलेलं नाही आवडत.

ऐरोलीची खादाड

दिवाळ्याच्या सूनबाई, मी येते. सुकटच करा. दोन जागा, त्यातली एक नवऱ्याची, आणि तो काट्याला घाबरतो. चालेल का?

दिवाळ्याची सून

चालेल. त्यांना सोडे-बटाटा देऊ. पण सासूबाई बोंबील वाढणारच, ते तुम्ही बघून घ्या.